दिवाळीत मिळालेल्या नाण्यांबद्दल आत्यांना आभारपत्र

तीर्थस्वरूप आत्या यांस,
सादर नमस्कार.

या दिवाळीत घरातल्या सर्वांनी मला भेट म्हणून जुनी नाणी दिली आणि त्यामागची सारी खटपट तुमची होती. भाऊबीजेच्या गडबडीत तुमच्याशी निवांत बोलता आले नाही. आपल्या नात्यात आणि ओळखीत नाणी जमवणारी आणखीही मंडळी आहेत. तुम्ही योजलेली रीत त्यांनाही कळावी, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

नवरात्र संपताच तुम्ही एकेकाला फोन करून सांगितलेत की, यंदा हिला साडी किंवा मिठाईचा डबा नको. घरात एखादे जुने नाणे पडून असेल तर ते द्या, आणि ते कोणाजवळ होते, कुठे ठेवले होते, एवढे एका चिठ्ठीवर लिहून द्या. शिवाय ते घासूनपुसून चकचकीत करू नका, अशी ताकीदही दिलीत. विकत घेतलेल्या नाण्याचे साल आणि टांकसाळ ओळखता येते, पण ते कोणाच्या हातून आले हे विक्रेत्यालाही बहुधा माहीत नसते. तुमच्यामुळे मला नेमके तेच मिळाले.

मामांनी भोकाचा पैसा दिला. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई होती, म्हणून 1943 पासून मधोमध मोठे भोक असलेला हा पैसा पाडला जाऊ लागला. मामांच्या चिठ्ठीत लिहिले आहे की, आजोबांनी तो सायकलला वॉशर म्हणून बसवला होता. त्याच्या कडेवरचा तेलाचा काळा डाग मी तसाच राहू देणार आहे. काकांनी 1957 चा एक नया पैसा दिला. त्या वर्षी 1 एप्रिलपासून रुपयाचे चौसष्टऐवजी शंभर पैसे झाले, आणि तेव्हा नाशिकच्या भद्रकाली भागातल्या दुकानात गिऱ्हाइकांना आणे आणि नवे पैसे यांचा मेळ घालून देता देता पणजोबा कसे थकून जात, हे काकांनी चिठ्ठीच्या दोन्ही बाजू भरून लिहिले आहे. काकूंनी कमळ असलेले वीस पैशांचे पिवळे नाणे दिले.

परंतु मनापासून आभार मानायचे आहेत ते आजीच्या रुपयांबद्दल. देवघरातल्या डब्यातले राणीछाप रुपये दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि रांगोळी लावून घासले जात, मग दुधाने धुऊन त्यांना हळदकुंकू वाहिले जाई. चांदीवर येणारी काळपट छटा हवेतल्या गंधकामुळे धरते आणि तो थर अगदी पातळ असतो. घासताना मात्र त्याच्यासोबत चांदीही जाते, अक्षरे बोथट होतात आणि राणीचा चेहरा सपाट होत जातो. हे आजीला सांगणे मला कधी जमले नसते, कारण तिच्या दृष्टीने ते लक्ष्मीची सेवा करणे होते आणि त्या भावनेला धक्का लावण्याचा मला अधिकार नव्हता. तुम्ही तिला काहीच समजावायला गेला नाहीत. आजोबांच्या जुन्या कापडी पिशवीत राहून गेलेला एक रुपया आणि पूजेतला एक रुपया तुम्ही तिच्यापुढे शेजारी शेजारी ठेवलेत आणि हातात भिंग दिलेत. पिशवीतल्या रुपयावर मुकुटाची नक्षी स्पष्ट दिसत होती, पूजेतल्या रुपयावर मुकुट कुठे संपतो हेही कळत नव्हते. आजी बराच वेळ पाहत राहिली आणि मग आपणहून म्हणाली की, पूजेला एक रुपया पुरे, बाकीचे पोरीला द्या. त्यांतल्या एकावर 1862 हे साल आणि ‘व्हिक्टोरिया क्वीन’ अशी अक्षरे आहेत. ते साल पुढेही काही वर्षे साच्यावर तसेच ठेवले गेले, त्यामुळे नाणे नेमके केव्हा पाडले हे सालावरून ठरत नाही. 1877 पासूनच्या रुपयांवर ‘एम्प्रेस’ आले. तसाही एक रुपया आजीने दिला आहे.

चिठ्ठीचा एवढा आग्रह तुम्ही का धरलात, हे मला अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात तुमच्यासोबत गेले तेव्हा उमजले. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभी येथे 1906 साली क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानावरच्या विजयानंतर पुन्हा आपला ठसा मारला होता. राज्य कोणाचे गेले आणि कोणाचे आले हे त्या नाण्यांवरून कळते, पण तो साठा कोणत्या घरातला होता, कोणी पुरला, हे सांगणारा कोणी उरला नाही. उलट नाशिकजवळच्या पांडवलेणीत कोरलेल्या लेखात नहपानाच्या जावयाने, ऋषभदत्ताने, 3,000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेव म्हणून ठेवल्याचे, तिच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे द्यायची असल्याचे आणि व्याजाचा दरही कोरलेला आहे. त्या पैशाची हकिगत आजही वाचता येते, ती कोणीतरी तेव्हाच लिहून ठेवली म्हणून. आपल्या घरातले हे काम तुम्ही केलेत आणि तेही आजीची आठवण शाबूत असताना केलेत, याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

सर्व नाणी मी पुठ्ठ्याच्या चौकटींत ठेवली असून प्रत्येकीमागे तिची चिठ्ठी लावली आहे. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत तांब्यावर हिरवा चिकट थर येतो, म्हणून ती टाळली. काकूंच्या चिठ्ठीत मात्र ‘कपाटात होते’ एवढेच आहे. संक्रांतीला तुम्ही त्यांच्याकडे जाल तेव्हा कपाट कोणाचे आणि नाणे तिथे कसे आले, एवढे त्यांना विचारून याल का? माझ्यापेक्षा तुम्हाला त्या अधिक मोकळेपणाने सांगतील.

तुमची भाची
नाशिक