आईच्या डोळ्यामागचे हात

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला. परवा तिने माझा निळा शर्ट बघून विचारलं, "नवा घेतलास?" चार वर्षं जुना आहे. पिकलेल्या मोतीबिंदूआडून तिला निळा रंग मळकाच दिसत होता.

ज्यांचे आभार मानायचेत त्यांतल्या एकाचंही नाव मला ठाऊक नाही. डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर काढणारी ती मुलगी, तिचे सगळ्यात आधी. डोळ्याची लांबी मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीनने हुकतो. आई सारखी पापणी मिटायची. हिने न चिडता तीनदा मोजलं. आज आईला लांबचं चष्म्याशिवाय दिसतं. पोथीला चष्मा लागतो, पण तशी कल्पना आधीच दिली होती.

थिएटरात आईचा हात धरून उभ्या राहिलेल्या सिस्टर, थेंबांच्या वेळा सूर्य-चंद्र काढून लिहून देणारे औषधवाले काका, वेटिंगचे पैसे न घेणारे रिक्षावाले दादा, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

लंडनमध्ये डोळ्यांचे डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली डोळ्यात पहिलं भिंग बसवलं, तरी ऑपरेशननंतर आमच्या आजोबांच्या नशिबी सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्माच आला. १९९२ पासून मदुराईत स्वस्त भिंगं बनू लागली. तिथल्या कारागिरांनाही नमस्कार.

डावा डोळा दिवाळीनंतर. आई म्हणते, "तीच मुलगी असेल ना रे?"