करंजी पांढरी, खालचा मार्बलही पांढरा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतले फराळाचे फोटो बघितले, पदार्थ झकासच असणार, पण सगळेच्या सगळे त्या पांढऱ्या मार्बल प्रिंटच्या शीटवर ठेवलेत हो! करंजी आधीच पांढरट, खाली पांढरं, वर पेपरची छपाई, करंजी कुठे संपली नि मार्बल कुठे सुरू झाला तेच कळेना. आमच्या सौ. म्हणाल्या, फराळ हॉस्पिटलात ठेवलाय का.

मी काही प्रोफेशनल नाही, रिटायर झाल्यावर घरातल्या भांड्याकुंड्यांचे फोटो काढायचा नाद लागला एवढंच. सुरुवातीला मीही तसली शीट मागवलेली. तिच्यावर खिडकीतला उजेड पांढरा डाग होऊन बसतो. शिवाय पांढरं जास्त दिसलं की कॅमेरा त्याला करडं करायला बघतो आणि फोटो काळपट येतो, मग एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एखादा स्टॉप (एक पायरी) वाढवायचं, मोबाईलवर नुसतं बोट वर सरकवलं की होतं, पण करतो कोण!

आता मी कडप्पा वापरतो. फरशीवाल्याकडे दोन बाय दोनचा उरलेला तुकडा मिळाला, पण पॉलिशची बाजू नाही घ्यायची, ती आरशासारखी वागते, पाठची खडबडीत बाजू वर. त्यावर चकली ठेवा आणि खिडकी एका बाजूला येऊ द्या, प्रत्येक काटा उठून दिसतो. खालून बटर पेपरचा छोटा तुकडा सरकवा नाहीतर दगड तेल पितो. करंजीला शहाबादीही चालते, करडी असते ना. मागे घोंगडी टांगायची, ती उजेड खाते, फक्त पदार्थापासून दोन-तीन फूट लांब म्हणजे सावली तिच्यावर पडत नाही.

खणाचं कापड सगळ्यांना आवडतं, मलाही, पण लाल खणावर स्टीलच्या वाटीत श्रीखंड ठेवून बघा, वाटी लाल आणि श्रीखंड गुलाबी! चिवडा तर नक्षीत हरवूनच जातो. पितळी डब्याचं वेगळंच, त्याच्या पोटावर माझाच पट्ट्यांचा शर्ट दिसत होता, ते चाळीसेक फोटो काढून झाल्यावर लक्षात आलं. हल्ली काळा शर्ट घालूनच बसतो.

तर पुढच्या वर्षी वाचकांकडून फोटो मागवाल तेव्हा सोबत एक ओळ टाका की घरातला पाट, फरशी, पोतं काहीही चालेल. कडप्प्यावरच्या चकलीचा फोटो जोडलाय, छापला नाहीत तरी चालेल, पण बघा जरूर.

– एक वाचक, पुणे