अर्थसंकल्पात असलेला आणि नाल्यावर नसलेला पूल : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला येण्याच्या तयारीत असाल, म्हणून त्याआधी हे पत्र लिहीत आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातील सात एकरांचा कोरडवाहू कास्तकार आहे. गेल्या आठवड्यात सहा क्विंटल कापूस भरलेली माझी बंडी गावाजवळच्या नाल्यात उलटली आणि उजव्या बैलाचा पुढचा पाय मोडला. ज्या पुलावरून ती बंडी जायला हवी होती, तो पूल तीन वर्षांपासून राज्याच्या अर्थसंकल्पात आहे. नाल्यात मात्र त्याचे दोन अर्धवट खांब आणि त्यांतून वर आलेल्या गंजलेल्या सळया एवढेच उभे आहे. बंडी घसरली ती खांबांच्या बाजूने काढलेल्या कच्च्या वळणावर, आणि बैलाचा पाय अडकला तो काम बंद पडल्यापासून गाळात रुतलेल्या सळयांच्या जाळीत.

पशुवैद्यकीय डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी येऊन पाय बांबूच्या कामट्यांनी बांधला. पण एवढ्या वजनाचे जनावर तीन पायांवर उभे राहत नाही. चार दिवस तो गोठ्यात पडून होता, आणि त्याची कूस बदलण्यासाठी माझी पत्नी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, शेजारच्या माणसांना हाक मारत होती. पाचव्या दिवशी पहाटे तो गेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी याच बैलाचा खांदा मी हळद-तुपाने शेकला होता. उरलेल्या एका बैलाने ना बंडी जुंपता येते, ना डवरणी होते, आणि नवा बैल घेण्याची माझी ऐपत नाही. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. परंतु बारा टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला कापूस खरेदी केंद्रावर घेत नाहीत, त्यामुळे भिजलेला कापूस व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने द्यावा लागला. वेचाईची मजुरी दिल्यावर हातात काही उरले नाही.

या पुलाचे पैसे कुठे गेले, हे मी माहितीच्या अधिकारात विचारले होते. काम ५०५४ या लेखाशीर्षाखाली, म्हणजे रस्ते व पुलांवरील भांडवली खर्चाच्या खात्यात, मंजूर आहे, प्रशासकीय मान्यता आहे, तांत्रिक मान्यता आहे. पहिल्या वर्षीच्या पैशांतून पाया आणि खांब झाले. दुसऱ्या वर्षी छापील तरतुदीचा जेमतेम दहावा हिस्सा वितरित झाला, यंदा एक रुपयाही नाही. उत्तराच्या शेवटी एकच वाक्य आहे : ‘निधी उपलब्धतेनुसार काम पूर्ण करण्यात येईल.’

महोदय, माझे भांडण या वाक्याशी आहे. सभागृह खर्चाला मंजुरी देणारे विनियोजन विधेयक मंजूर करते, तेव्हा तरतूद म्हणजे पैसा असेच आम्ही समजतो. प्रत्यक्षात ती रक्कम अर्थसंकल्पीय वितरण प्रणालीवर, म्हणजे खात्यांना निधी सोडण्याच्या सरकारी संगणक-व्यवस्थेवर, सोडली जाईपर्यंत तरतूद हा नुसता छापील आकडा असतो. तो आकडा छापताना आपण सर्वांसमोर उभे राहून भाषण करता. तो कापला जातो तेव्हा भाषण होत नाही, सभागृहाला विचारले जात नाही, आणि गावाला ते कळते तेव्हा मजूर खोपट्या मोडून गेलेले असतात. मग मार्च उजाडतो, अखेरच्या काही दिवसांत घाईघाईने बिले निघतात आणि ३१ मार्चला उरलेला निधी व्यपगत, म्हणजे रद्द, होतो. मार्चमधील खर्चाची ही गर्दी आणि आधीचेच पैसे शिल्लक असताना घेतलेल्या पुरवणी तरतुदी, यांवर सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने आपल्या अहवालांत पुन्हा पुन्हा बोट ठेवले आहे.

२८ जून २०२४ रोजी अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि पंधरवडाही उलटला नसताना ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या. राज्यघटनेच्या २०५व्या अनुच्छेदात पुरवणी मागणी आहे ती तरतूद अपुरी पडली किंवा नवा खर्च उद्भवला तर. दोन आठवड्यांत काय अपुरे पडले? सन २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७,००,०२० कोटींचा होता आणि त्यात ४५,८९१ कोटींची महसुली तूट धरलेली होती. पैसे कमी आहेत हे मला समजते. जे कमी आहेत ते कोणाच्या वाट्यातून कापले जातात, हे मी विचारतो आहे.

हा प्रश्न विदर्भात आजचा नाही. विदर्भाने मराठी राज्यात सामील व्हावे म्हणून नेत्यांनी केलेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात निधीची वाटणी प्रत्येक विभागाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात करण्याचे वचन आहे. ते पाळले असते तर १९८४ साली दांडेकर समितीला अनुशेष, म्हणजे विकासात मागे पडलेल्या भागांची राहिलेली तूट, मोजावा लागला नसता. तिने राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटींचा काढला आणि त्यात १,२४६ कोटी एकट्या विदर्भाचे होते, म्हणजे शंभरातले एकोणचाळीस. लोकसंख्येत आमचा वाटा २०११ च्या जनगणनेनुसार पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे. पुढे १९९४ साली मागास विभागांसाठी विकास मंडळे आली. प्रादेशिक असमतोलावरील केळकर समितीचा अहवाल २०१३ मध्ये तयार झाला आणि २०१४ च्या डिसेंबरात सभागृहापुढे ठेवला गेला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा ती वाढवली गेली नाही. प्रत्येक पिढीला एक समिती मिळाली. माझ्या वडिलांनी दांडेकर समितीच्या बातम्या वर्तमानपत्रात वाचल्या होत्या आणि हाच नाला ते खांद्यावर पोते घेऊन ओलांडत होते.

मी बैलाची भरपाई मागत नाही, जरी ती मागण्याचा मला हक्क आहे असे माझे मत आहे. मी मागतो ते एवढेच, की अर्धवट कामे पूर्ण होईपर्यंत त्याच लेखाशीर्षाखाली नवे भूमिपूजन करू नये, आणि एखाद्या कामाची तरतूद कापायची असेल तर कापणाऱ्याने कारण लेखी द्यावे व ते सभागृहासमोर ठेवावे. प्रत्येक कामाच्या जागी मराठीत फलक असावा आणि त्यावर तरतूद किती, वितरित किती, खर्च किती हे दर तिमाहीस लिहिले जावे. आमच्या नाल्याकाठी कोनशिला अजून उभी आहे. तिच्या मागची बाजू कोरी आहे, आकडे तिथेही मावतील. आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी पूल होणार नसेल, तर निदान त्या सळया कापून न्याव्यात. त्याला निधीच्या उपलब्धतेची वाट पाहावी लागू नये.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक कास्तकार