दारावरच्या पाटीविषयी

स.न.वि.वि.

आमच्या दारावरच्या पाटीचा फोटो हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. 'सर्दी-खोकला असल्यास बेल वाजवू नये. फोन करावा. चहा बरे झाल्यावर मिळेल.' खाली 'अस्सल पुणेरी' वगैरे शेरे. पेठेत जन्म काढल्यावर अशा शेऱ्यांचे काही वाटत नाही, पण पाटी का लावली ते सांगतो.

माझ्या पत्नीचे किडनी ट्रान्सप्लांट २०१७ साली झाले. किडनी मेहुणीची. शरीराने ती परकी म्हणून नाकारू नये, यासाठी सकाळी नऊ आणि रात्री नऊला टॅक्रोलिमस, शिवाय मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड. म्हणजे प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली ठेवलेली. ('काढा द्या, इम्युनिटी वाढेल' हा सल्ला कृपया नको!)

जानेवारी २०२२ मध्ये आम्हा दोघांना कोविड झाला. मी आठ दिवसांत हिंडू लागलो. तिचा ताप जाई आणि पुन्हा येई. आरटी-पीसीआर सहा आठवडे पॉझिटिव्ह. शरीराला विषाणूशी लढता यावे म्हणून डॉक्टरांनी मायकोफेनोलेट थांबवले, तेव्हा कोविडपेक्षा किडनीचीच धास्ती जास्त. त्यात जिन्यात एकाने विचारले, "अजून पॉझिटिव्हच? घरात नवा व्हेरिएंट काढताय की काय?"

ते विनोदाने म्हणाले, पण विषय खरा आहे. विषाणू स्वतःच्या प्रती काढताना चुका करत राहतो. धडधाकट माणसाचे शरीर त्याला लवकर संपवते, म्हणून त्या चुकांना फार वाव मिळत नाही. दुबळ्या शरीरात तो महिनोन् महिने राहतो, आणि ढेकणांवर पातळ औषध मारल्यावर न मरणारेच मागे उरावेत, तसे होते. केंब्रिजला कर्करोगाच्या एका रुग्णात हा विषाणू १०१ दिवस टिकला. संशोधकांनी २३ वेळा नमुने घेऊन त्याची जनुकीय रचना वाचली. कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा (त्यात विषाणूविरोधी प्रतिपिंडे असतात) दिल्यावर त्याला सहज दाद न देणारा बदललेला विषाणू वर आला. ओमायक्रॉनही अशाच एखाद्या लांबलेल्या संसर्गातून आला असावा, असा एक तर्क आहे. सिद्ध झालेला नाही.

म्हणून रुग्णाकडे बोट दाखवायचे? हिने महिनाभर उंबरा ओलांडला नव्हता. "साधी सर्दी आहे हो," म्हणत तिळगूळ द्यायला आलेल्यांपैकी कुणीतरी तो आणला असावा.

एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) आणि एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) आपल्याच शहरात आहेत. ज्यांचा संसर्ग तीन-चार आठवडे हटत नाही, अशा रुग्णांचे नमुने जिनोम सिक्वेन्सिंगला (विषाणूची जनुकीय रचना वाचायला) आपोआप जातील, अशी सोय महापालिकेने करावी. आमचा नमुना गेला का, हे विचारायला मी तीन खिडक्या फिरलो. चौथ्या खिडकीवर जेवणाची सुट्टी होती.

ता.क. पेंटरने 'सर्दी' ऱ्हस्व काढली आहे, असे दोन सद्गृहस्थांनी फोन करून कळवले. ती दीर्घ करून घेतली आहे. पाटी तिथेच राहील.

— एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ, पुणे ३०