छोट्या फ्रिजला बिअरचा नळ बसवून देणाऱ्या काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काकांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण पुण्यास परतल्यावर मी दूरध्वनीवरून आभार मानायला लागलो, तेव्हा "त्यात काय एवढं" असे म्हणून आपण विषय बदललात. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि तेही जाहीरपणे. आपल्यासारख्या कारागिराचे ऋण चार लोकांसमोर मान्य करावे, हे एक कारण. दुसरे असे की, अमेरिकेत घराच्या तळघरात बसून छोट्या फ्रिजला बिअरचा नळ जोडू पाहणारा मराठी माणूस मी एकटाच नसणार. आपण मला जे दाखवलेत ते त्यांच्याही हाती पडले, तर बरेच फ्रिज वाचतील.

मुलीकडे काही महिने राहायला म्हणून आपण मिल्वॉकीला आला होतात. हे शहरच बिअरचे; एकोणिसाव्या शतकात जर्मनीहून आलेल्या लोकांनी पाब्स्ट, ब्लाट्झ, श्लिट्झ, मिलर ही नावे येथूनच मोठी केली. तरीही गळ्यात तुळशीची माळ असलेल्या वडीलधाऱ्या माणसाला या कामासाठी हाक मारावी की नाही, याचा मला संकोच वाटत होता. तो आपणच मोडलात. माझा बेत ऐकल्यावर आपला पहिला प्रश्न कायद्याचा होता, कारण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्यावाचून घरी बिअर बनवता येत नाही, हे आपणांस ठाऊक होते. येथे १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानुसार एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलनपर्यंत बिअर कर न भरता स्वतःपुरती बनवता येते, विकता मात्र येत नाही, असे मी सांगितले. त्यावर आपण म्हणालात, "पिणं तुमचं तुम्ही बघा, फ्रिज मात्र मरता कामा नये." त्या एका अटीवर आपण कामाला लागलात, आणि ती अट आपण अखेरपर्यंत सोडली नाहीत.

नळाचा खांब फ्रिजच्या माथ्यावर बसतो, म्हणजे माथ्याला आरपार भोक पाडावे लागते. घरगुती जोडणीतला सर्वांत धोक्याचा क्षण हाच. मागच्या बाजूला काळी जाळी दिसत नसेल, तर कंडेन्सरची, म्हणजे फ्रिजमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची, गरम नळी बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवलेली असते, ती कुठून कशी फिरली आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि ड्रिलचे टोक तिला लागले की गॅस गेला, फ्रिज संपला. शिवाय हल्लीच्या पुष्कळ छोट्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वलनशील गॅस असतो. फ्रिजच्या मागच्या माहितीच्या पट्टीवर त्याचे नाव कसे वाचायचे, हे आपण मला पहिल्यांदा दाखवलेत. मग तळघराची खिडकी उघडायला लावून आपण कॉर्नफ्लोअर आणि जखमेला लावायचे स्पिरिट कालवलेत, तो पातळ लेप माथ्यावर हाताने सारखा पसरलात आणि कॉम्प्रेसर चालू केलात. थोड्याच वेळात ओल्या करड्या लेपात पांढऱ्या कोरड्या रेघा उमटू लागल्या: मागच्या कडेकडून एक, वळसा घेऊन उजवीकडे दुसरी. जिथे नळी गरम, तिथे स्पिरिट आधी उडते आणि पीठ आधी सुकते. त्या रेघा आपण पेन्सिलीने गिरवल्यात, मधली मोकळी जागा हाताच्या वितीने मोजलीत, आणि मगच भोकाची खूण केलीत. एवढ्यावरही आपले समाधान झाले नाही. होल सॉने, म्हणजे गोल भोक पाडणाऱ्या करवतीने, फक्त वरचा पत्रा कापायचा, आतला पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम, बोटांनी आणि बोथट स्क्रू ड्रायव्हरने उकरत खाली जायचे, वाटेत काही लागले नाही याची खात्री करायची, आणि शेवटी आतले प्लॅस्टिक कापायचे, हा क्रम आपण ठरवून दिलात. माथ्याचा पत्रा पातळ असल्याने नळ ओढताना खांब डुलेल, म्हणून खाली प्लायवूडची जाड फळी बसवण्याचा आग्रहही आपलाच.

बर्फाच्या खणाचे काम मला त्याहून अवघड वाटले होते. १९ लिटरचा कॉर्नेलियस केग, म्हणजे बिअर दाबाखाली साठवायचे धातूचे उभे पिंप, साधारण ६३ सेंटिमीटर उंच असतो आणि वरची थंड पट्टी त्याच्या आड येत होती. ती कापणे तर अशक्यच, कारण तीच बाष्पक, म्हणजे फ्रिजला गारवा देणारा भाग, आहे. तिला मागच्या भिंतीकडे वळवावे लागते. आपण फ्रिज रात्रभर बंद ठेवून पट्टी खोलीच्या तापमानाला येऊ दिलीत, थर्मोस्टॅटची बारीक नळी तिच्यापासून हलकेच सोडवलीत आणि काकूंचे लाटणे मागून घेतलेत. लाटणे वळणाच्या जागी धरून, दोन्ही हातांनी अगदी सावकाश दाबत, तो ॲल्युमिनियमचा पत्रा आपण रुंद गोलाईत खाली आणलात, आणि कॅपिलरी, म्हणजे गॅस आणणारी केसासारखी बारीक नळी, जिथे पट्टीला जोडली आहे तिथे जराही ताण जाऊ दिला नाहीत. त्या वेळी खोलीत कोणीच बोलत नव्हते. लाटण्याबद्दल काकूंचेही मनापासून आभार.

या सगळ्यात मला सर्वाधिक शिकवून गेले ते बिअरच्या नळीबद्दलचे आपले बोलणे. विकत आणलेल्या संचात जेमतेम दीड मीटर नळी होती आणि सगळीकडून फेसाची तक्रार ऐकू येत होती. केगमध्ये कार्बन डायऑक्साइडचा दर चौरस इंचाला १२ पौंड दाब ठेवला आणि तापमान ३ ते ४ अंश सेल्सिअस राखले, तर बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट कार्बन डायऑक्साइड विरघळून राहतो. पण तो दाब नळाच्या तोंडाशी एकदम सुटला, तर वायू बिअर सोडून बाहेर पडतो आणि पेल्यात फेसच येतो. हे मी आपणांस समजावू लागलो, तोच आपण म्हणालात, "ही तर कॅपिलरीच झाली." फ्रिजच्या कॅपिलरीत बारीक छिद्र आणि लांबी यांच्या घर्षणाने दाब वाटेतच खर्ची पडतो, तसाच तो येथेही पाडायचा. पावणेपाच मिलिमीटर आतल्या व्यासाची सुमारे तीन मीटर नळी घ्या, वेटोळे करून केगवर ठेवा, असे आपण सुचवलेत. बिअर कधीही न चाखलेल्या माणसाने बिअर ओतण्याचे कोडे असे काही क्षणांत सोडवले, याचे मला आजही अपार कौतुक वाटते. तसे पाहिले तर आपली शीतयंत्रांची कला आणि हे पेय यांचे नाते जुनेच आहे. कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात आपली सुरुवातीची शीतयंत्रे म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीसाठीच बनवली होती.

बाकीची कामे भराभर झाली. खांबात गार हवा चढवणारा छोटा पंखा, वेगळा तापमान नियंत्रक आणि केगच्या अंगाला चिकटवून वरून स्पंजने झाकलेले त्याचे तापमान मोजणारे टोक, कॉम्प्रेसर बंद झाल्यावर काही मिनिटे पुन्हा सुरू होऊ नये म्हणून त्यात ठेवलेला विलंब, हे सर्व आपण एका संध्याकाळी उरकलेत. कार्बन डायऑक्साइड वायूच्या सिलिंडरजवळ मात्र आपण पुन्हा थांबलात. भरलेल्या सिलिंडरमध्ये साध्या तापमानाला दर चौरस इंचाला सुमारे ८५० पौंड दाब असतो, म्हणून तो उभाच राहील असा पट्ट्याने बांधायचा, प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे, आणि वायू गळला तर तो तळघरात जमिनीलगत साचतो म्हणून खाली धोक्याची घंटा लावायची, असे आपण बजावलेत. तिन्ही गोष्टी आजही तशाच पाळतो.

पहिला केग आपल्यासाठी भरला होता. कॉर्नेलियस केग मुळात सोडा कंपन्यांनी शीतपेयांसाठीच वापरात आणले, तेव्हा त्यात निव्वळ पाणी भरून वायू विरघळवला तर गैर काहीच नव्हते. पेल्यात काकूंनी रत्नागिरीहून आणलेले कोकम सरबत, त्यावर नळाचे गार, फसफसते पाणी. आपण पेला तिरका धरलात, नळ पूर्ण उघडलात, पण पिण्याआधी वाकून कॉम्प्रेसरचा आवाज ऐकलात. "बरोबर चाललाय," एवढेच म्हणालात.

सध्या त्या नळाला गव्हाची बिअर आहे. दर चौदा दिवसांनी नळ्या अल्कली द्रावणाने धुतो, आणि दर तिमाहीला आत साचलेला बिअरचा खडा, म्हणजे क्षारांचा थर, जाण्यासाठी आम्लाने. मागच्या बोलण्यात आपण दाराच्या रबराची चौकशी केली होतीत. दारात कागद धरून चारही बाजूंनी ओढून पाहिला, कुठेही सैल सुटत नाही. उन्हाळ्यात आपण पुन्हा येणार असल्याचे आपल्या कन्येने सांगितले आहे. त्या आधी एक केग रिकामा करून, धुऊन, पाण्याने भरून ठेवीन. कोकम तेवढे येताना आणावे.

आपला ऋणी,
मिल्वॉकीचा शेजारी