कांद्याचे दार रातोरात लावू नका

संपादक महोदय,

शेजारी देशांशी व्यापार किती वाढवावा, ही चर्चा आपल्याकडे नेहमी मोठ्या करारांभोवती फिरते. दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापाराचा साफ्टा करार 2006 पासून लागू आहे, तरी दक्षिण आशियातला आपसातला व्यापार एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच अडकला आहे. बांगलादेशाशी व्यापार घट्ट व्हायलाच हवा, आणि सुरुवात कांद्यापासून व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

कारण हंगामात आहे. बांगलादेशाचा स्वतःचा कांदा मुख्यतः मार्च-एप्रिलात निघतो. त्या काळात तिथले सरकार आयातीचे परवाने आखडते, आणि ते रास्तच आहे. त्यांच्याही शेतकऱ्याला भाव हवा. सप्टेंबरनंतर मात्र तिथला साठा संपत येतो. नेमका तेव्हाच आपल्या कांदा साठवायच्या चाळींतला उन्हाळ कांदा तळाला लागलेला असतो, आणि खरिपाचा लाल कांदा परतीच्या पावसात सापडला की इथेही भाव चढतात. मग दिल्ली दार लावते, म्हणजे निर्यातबंदी घालते. सप्टेंबर 2019, सप्टेंबर 2020, डिसेंबर 2023, प्रत्येक वेळी हेच झाले.

2020 ची बंदी तर नमुनाच होती. आपल्या परकीय व्यापार धोरणात परिच्छेद 1.05 आहे. बंदी येण्याआधी एलसी (बँकेचे पैशाच्या हमीचे पत्र) उघडलेली असेल, तर तो माल जाऊ द्यावा, असे तो सांगतो. 14 सप्टेंबरच्या अधिसूचनेत हा परिच्छेदच लागू नसल्याचे लिहिले होते. पेट्रापोल, हिली, महदीपूर या बंगालमधल्या सीमानाक्यांवर भरलेले ट्रक जागच्या जागी थांबले. नाशिक जिल्ह्यातून तिथवर जवळपास दोन हजार किलोमीटरचा पल्ला. ट्रक चालू असतो तोवर जाळीदार गोण्यांतून हवा खेळते. बंगालच्या दमट हवेत तोच ट्रक ताडपत्रीखाली उभा राहिला की मधल्या थरात उष्णता कोंडते, कांदा मानेकडून सडू लागतो, त्याला पाणी सुटते आणि खालच्या गोण्या भिजतात. काही दिवसांनी 25,000 टनांना खास परवानगी मिळाली, पण तोवर बराच माल नासला होता. बांगलादेशाने पुढे म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानकडून कांदा घेतला. गिऱ्हाईक असेच तुटते.

निर्यात चालू ठेवली तर आपल्याला कांदा महाग होईल, हा आक्षेप आकड्यांत टिकत नाही. 2022-23 मध्ये देशाचे उत्पादन 300 लाख टनांच्या घरात होते. बांगलादेशाने घेतला सहा-सात लाख टन. चाळीत चार-पाच महिन्यांत सड, कोंब आणि वजनघट यांत जाणारा कांदा याहून कितीतरी जास्त आहे.

दुसरी बाजू विदर्भातल्या संत्र्याची. बांगलादेशाचे आयात शुल्क 2019 मध्ये किलोला 20 टका (तिथले चलन) होते, ते 2023 मध्ये 88 टका झाले. वरूड, मोर्शी, काटोलच्या बागांना त्याचा थेट फटका बसला आणि राज्य सरकारला अनुदान जाहीर करावे लागले. हे शुल्क कांद्याचा सूड म्हणून वाढवले, असे मी म्हणणार नाही. पण ते कमी करा म्हणून सांगायला जाताना आपल्या हातात द्यायला काय होते?

द्यायला होते, मागणीही आली होती. डिसेंबर 2022 मध्ये दिल्लीत बांगलादेशाने कांद्यासह काही जिनसांचा वार्षिक कोटा मागितला होता. तो द्यावा. दर जुलैत चाळींतला साठा मोजून कोटा ठरवावा, तो महिन्यांत वाटावा आणि बंदी आली तरी त्याला हात लावू नये. बदल्यात अंबिया बहराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर निघणाऱ्या संत्र्यावर शुल्काची कमाल मर्यादा लिहून घ्यावी.

राहिला रस्ता. जागतिक बँकेच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे पेट्रापोल आणि पलीकडचे बेनापोल ही सीमा ओलांडायला 138 तास लागत, त्यातले 28 तास माल एका ट्रकातून दुसऱ्या ट्रकात भरण्यात. ट्रक थेट पलीकडे जावेत म्हणून 2015 मध्ये थिंफूत चार देशांचा मोटार वाहन करार झाला; त्यावर अजून नियमित वाहतूक सुरू नाही. 2025 मध्ये तर सूत आणि तयार कपड्यांसाठी दोन्ही देशांनी जमिनीवरचे मार्ग आवळले. अशा काळात रेल्वे अधिक भरवशाची. मे 2020 मध्ये लासलगावहून कांद्याची गाडी थेट बांगलादेशातल्या दर्शना स्थानकापर्यंत गेली होती, सीमेवर गोणी न उतरवता. कोट्यातला कांदा ऑगस्ट ते डिसेंबर याच मार्गाने, ठरलेल्या दिवशी सुटणाऱ्या गाड्यांनी पाठवावा, आणि त्याचे वेळापत्रक जुलैतच बाजार समित्यांत लावावे.

— एक वाचक, नाशिक