पाकीट परत केले आहे, रागावू नका

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा नुसते "बघू" म्हणाले आणि गप्प झाले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. करवतीवर धाकट्याची दोन बोटे गेली, त्यानंतर त्याच्या मालकांनी घरी आणून दिलेले पैशांचे पाकीट आणि त्याच्या सहीसाठी ठेवलेला कागद, दोन्ही मी परत केले आणि भरपाईसाठी रीतसर अर्जही दाखल केला. तुम्हाला न विचारता केले, हे मनाला लागून राहिले आहे; पण विचारले असते तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि तुमचा शब्द मोडणे मला याहून जड गेले असते.

बाबा, मालकांचे उपकार मी विसरलेली नाही. हा अर्ज त्यांच्यावरचा आरोप नव्हे. काम करताना अपघात झाला की भरपाई द्यायची, त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. एका हाताची दोन बोटे गेली तर कमावण्याची शक्ती २० टक्के घटली असे त्या कायद्याच्या परिशिष्टात धरले होते, आणि पुढचा हिशेब पगार व वय यांवरून होतो. धाकट्यापुढे अजून सारे आयुष्य आहे. बाबा, तुमची बोटे गेली तेव्हा हे सांगणारे कोणी नव्हते, आणि त्या रात्री आईने काय काय गहाण ठेवले ते मी दाराआडून पाहिले होते.

गोल करवतीवर ओल्या निलगिरीने पाते आवळले, लाकूड उसळले आणि त्याचा हात पुढे गेला. पात्यावर जाळी असती, मागे चिरलेली फट उघडी ठेवणारी पट्टी असती, तर कदाचित एवढे झाले नसते. सोबतच्या पोरांनी बोटे थेट बर्फात घालून जिवाच्या आकांताने दवाखाना गाठला. त्यांना मी दोष देणार नाही. पण थेट बर्फाने बोट गोठते. ते स्वच्छ ओलसर फडक्यात गुंडाळून, पिशवीत बंद करून, मग ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. हे मोठ्या अक्षरांत लिहून मी त्या पोरांकडे दिले आहे.

आता जखम भरली आहे. हाताच्या व्यायामाला मी स्वतः त्याला घेऊन जाते, म्हणून निदान दिवाळीपर्यंत तो इथेच राहील. त्याला पुढची खोली दिली आहे, तिथे सकाळचे ऊन येते. थंडीत ती जागा ठणकते, म्हणून लोकरी मोजा विणला आहे. रात्री नसलेली बोटे दुखतात असे तो म्हणतो. डॉक्टरांनी सांगितले की ही वेदना खरीच असते, तेव्हा आई, त्याला कोणाची दृष्ट लागली असे मनात आणू नकोस. मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. डाव्या हाताने जेवावे लागते म्हणून तो पंक्तीत बसत नाही, ताट घेऊन आत जातो आणि दार लोटून घेतो.

बाबा, तुमच्या तीन बोटांची मूठ धरून मी जोतिबाच्या पायऱ्या चढले आहे. ती मूठ इतरांच्या बाबांसारखी नाही, हे मला शाळेत जाईपर्यंत कळलेसुद्धा नव्हते. अंगठा आणि अनामिकेत भाकरीचा तुकडा कसा धरायचा, हे डॉक्टरांपेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक आहे. त्या अपघाताबद्दल तुम्ही आम्हां भावंडांशी कधीच बोलला नाहीत. बोलायचे नसेल तर नका बोलू, पण त्याच्या शेजारी बसून जेवा.

येत्या रविवारी गारगोटीहून सकाळच्या एस.टी.ने या. उभे राहून प्रवास करू नका, जागा नसेल तर गाडी सोडा. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आठ दिवसांच्या घ्या, आईने गुडघ्याचा पट्टा बांधूनच निघावे. डोक्यावर ओझे घेऊन येऊ नका. तांदूळ इथे आहेत. नाचणीचे पीठ मात्र थोडे आणा, त्याला आईच्याच हातची आंबील हवी आहे.

तुमची,
ताई